कुठल्याच कंपनीच्या नसलेल्या दुर्गाबाई

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागकडे निघालं, की रिक्षावाले हौसेनं सांगत जातात: हा अमक्या नटाचा बंगला, ही तमक्या नटीची वाडी. त्या यादीत दुर्गा खोटे हे नाव सहसा ऐकू येत नाही. दुर्गाबाई उत्तरायुष्यात अलिबागच्या बाजूला राहायला आल्या, त्या काळी इथं बंगला असणं ही मिरवायची गोष्ट नव्हती. दोनशेच्या आसपास चित्रपट आणि मराठी रंगभूमीवरचं भारदस्त काम मागे ठेवून आलेली ही बाई. आमच्या किनाऱ्यानं तिची आठवण याहून बरी ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

दुर्गाबाईंची ओळख करून देताना एक वाक्य ठरलेलं असतं: प्रतिष्ठित घरातून चित्रपटात आलेली पहिली मोठी नायिका. वाक्य खोटं नाही. पण त्यात घराण्याला मान मिळतो आणि बाईचं कर्तृत्व मागे पडतं. घराण्याच्या जोरावर एखादा चित्रपट मिळेल, पन्नास वर्षं मिळत नाहीत. ती पन्नास वर्षं त्यांनी कशी मिळवली, हे पाहण्यासारखं आहे.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905चा. माहेर लाडांचं, मूळ गोव्याकडचं, राहणं मुंबईत. वडील सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात. लग्न लवकर झालं, सासरची श्रीमंती ओसरली, पदरात दोन मुलगे आणि तरुणपणीच वैधव्य. 1931मध्ये मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये छोटं काम केलं तेव्हा वय सव्वीस. चित्रपट पडला, वर समाजानं तोंडसुख घेतलं. त्या धक्क्यानं एखादी बाई कायमची घरी बसली असती. पण व्ही. शांताराम विचारायला आले आणि दुर्गाबाई पुन्हा उभ्या राहिल्या.

‘अयोध्येचा राजा’ 6 फेब्रुवारी 1932ला मुंबईत लागला. तो काढणारी शांतारामांची प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई. पार्श्वगायन नावाचा प्रकारच नव्हता. कॅमेरा चालू असताना नटानंच गायचं, आणि ते तिथल्या तिथं ध्वनिमुद्रित व्हायचं. शिवाय चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा करायचा. एकदा मराठीत रडून झालं, की तोच प्रसंग, तेच रडणं पुन्हा हिंदीत. आज हा चित्रपट पाहताना इतर पात्रांच्या अभिनयात नाटक कंपनीचा ठसा जाणवतो. हात फेकून, स्वर चढवून बोलणं. तारामती मात्र विक्रीला उभी असतानाही अंग आवरून असते. दुःख मानेत आणि खांद्यात ठेवते, हातवाऱ्यांत सांडत नाही. रंगभूमीचा सराव नसणं ही त्यांची उणीव मानली गेली असती; कॅमेऱ्यासमोर तेच बळ ठरलं.

त्याच साली प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या राणी झाल्या, शेजारी पाळीव चित्ता घेऊन. पुढच्या साली कोलकात्यात न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’त मीरा, आणि 1934मध्ये देबकी बोस यांच्या ‘सीता’त सीता. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. कोल्हापूर, कोलकाता, मुंबई असं त्या काम करत फिरल्या, आणि हे फिरणं मला फार मोलाचं वाटतं. त्या काळी कलावंत कंपनीत मासिक पगारावर नोकरीला असत. कंपनी सांगेल ते काम, कंपनी म्हणेल तो दिग्दर्शक. दुर्गाबाईंनी हा करार गळ्यात बांधून घेतला नाही. ज्यांच्याकडे काम चांगलं, त्यांच्याकडे त्या जात. प्रभातच्या असूनही त्या प्रभातच्या मालकीच्या नव्हत्या. पुढे सगळ्या उद्योगाची रीत तीच झाली. 1930च्या दशकात एका बाईनं ती पाडणं ही लहान गोष्ट नव्हे. 1937च्या सुमारास त्यांनी ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शनही केलं.

1936चा ‘अमर ज्योती’ अलिबागकरांनी तरी आवर्जून पाहावा. त्यातली सौदामिनी मुलाचा ताबा मागते. राज्याचा कायदा तो नाकारतो. मग ती समुद्रावर जाऊन चाचेगिरी करते आणि राज्याशी वैर धरते. कान्होजी आंग्र्यांची समाधी आणि भरतीत पाण्यानं वेढला जाणारा कुलाबा किल्ला रोज पाहणाऱ्यांना समुद्रावरची सत्ता म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पण मराठी माणसानं बनवलेल्या चित्रपटात ती सत्ता बाईच्या हाती, आणि भांडण आईच्या हक्काचं! दोन मुलांसाठी या धंद्यात उतरलेल्या दुर्गाबाईंच्या नजरेत त्या भूमिकेत जी धार आहे, ती नुसती दिग्दर्शकानं सांगून आलेली नाही, असं माझं मत आहे.

चाळिशीच्या दशकात अत्र्यांचा ‘पायाची दासी’, ‘भरतमिलाप’मधली कैकेयी, सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मधली मृणालवती ही कामं झाली. नायिका म्हणून दिवस भरत आले होते, पण त्यांनी तक्रार केली नाही. त्या रंगभूमीकडे वळल्या.

गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघानं डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकारानं नाटकाची चळवळ उभी केली होती. तिथं खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त नानासाहेब फाटकांचे राघोबादादा आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई असा सामना रंगला. 1954मध्ये शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेलं ‘राजमुकुट’ आलं, त्याचं दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल यांचं. चित्रपटात आवरून ठेवण्याची सवय लागलेल्या बाईला आता शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं, तेही फाटकांसारख्या गडगडाटी नटासमोर. चित्रपटातली प्रसिद्धी नाटकाला फारशी कामी येत नाही, तिथं रोज परीक्षा असते. संगीत नाटक अकादमीनं 1958मध्ये त्यांचा गौरव केला. पद्मश्री त्यानंतर दहा वर्षांनी, 1968मध्ये आली. 1961मध्ये त्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

घरातही रंगभूमी होती. धाकटे चिरंजीव हरीन यांच्या पत्नी म्हणजे पुढच्या विजया मेहता. हरीन अकाली गेले. सासू खाडिलकर-शिरवाडकरांच्या रंगभूमीवरची, सून 1960मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था काढणारी. मराठी नाटकाचे दोन कालखंड एका कुटुंबात नांदले. शुभा आणि विजू खोटे ही दिरांची, नंदू खोटे यांची मुलं.

‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई सगळ्यांना आठवते. पृथ्वीराज कपूर आणि दिलीपकुमार यांच्यामध्ये, नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात, ती बहुतेक वेळ ऐकत असते. ऐकण्याचा अभिनय कसा करावा, हे शिकण्यासाठी नाट्यशाळांतल्या मुलांनी ही भूमिका पुन्हा पुन्हा पाहावी. सत्तरच्या दशकात ‘आनंद’, ‘अभिमान’, ‘बॉबी’तली मिसेस ब्रगांझा, ‘बिदाई’तली आई. ‘बिदाई’साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या. 1983चा दादासाहेब फाळके पुरस्कार हा त्यानंतरचा. आईच्या भूमिकांत अडकल्या असं कुणी म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच काळात त्या स्वतःची संस्था चालवून लघुपट आणि जाहिरातपट काढत होत्या. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची ‘वागले की दुनिया’ ही 1988ची दूरदर्शन मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच.

1982मध्ये त्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र आलं. पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. नटनट्यांच्या आत्मचरित्रांत सत्कारांची यादी फार असते. इथं फसलेला दुसरा विवाह आहे, पैशाची ओढाताण आहे, मुलाचा मृत्यू आहे, आणि कामाबद्दलचा हिशेबी, स्पष्ट सूर आहे. 22 सप्टेंबर 1991ला दुर्गाबाई गेल्या. 2013मध्ये भारतीय चित्रपटाच्या शंभरीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांत त्यांचंही तिकीट आहे. अलिबागच्या एखाद्या वाचनालयानं किंवा महाविद्यालयानं 14 जानेवारीला ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अमर ज्योती’ पाठोपाठ दाखवावेत. दोन्ही चित्रपट उपलब्ध आहेत, आणि पडदा व खुर्च्या गावात आहेतच.