नवल वाटतं, म्हणून शिकतो आपण!

सुधीर फडके म्हटलं, की आपल्याला गाणी आठवतात. पण १९५४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यातला दादरा-नगर हवेलीचा मुलूख सोडवायला जी मंडळी गेली, त्यांत बाबूजी होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर होते. सिल्वासात राहायला आल्यावर मी हे गावाकडच्या माणसांना सांगते, तेव्हा हमखास उत्तर येतं, "काय सांगता? गाणारे फडके?"

हे नवल का वाटतं? कारण आपल्या मनात 'गायक' या शब्दाभोवती एक चौकट असते. बातमी त्या चौकटीत बसत नाही. आश्चर्याचा अभ्यास करणारे, मग ते मानसशास्त्राचे असोत, गणिताचे की युद्धशास्त्राचे, बहुतेक इथूनच सुरुवात करतात. आधी अपेक्षा, मग तिचा भंग. अपेक्षाच नसेल तर आश्चर्यही नाही.

आपल्या दोन्ही भाषांत याला शब्दांची कमी नाही. मराठीत नवल, अचंबा. कन्नडमध्ये अच्चरी, बेरगु. 'आश्चर्य' तर दोन्ही घरांत चालतं, आणि 'अच्चरी' हे त्याचंच प्राकृतातून आलेलं भावंडं.

भरतमुनी आणि डार्विन

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी एक अद्भुत, आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. विस्तारलेले डोळे, न मिटणारी पापणी, अंगावरचा रोमांच अशी त्याची लक्षणं भरताने नोंदवली. शिवाय नाटकाच्या शेवटच्या भागात अद्भुत रस असावा, असंही सांगून ठेवलं. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांवर पुस्तक लिहिलं, त्यातही आश्चर्याची खूण म्हणून ताणलेल्या भुवया, मोठे डोळे आणि उघडं तोंड आहेच.

१९४८ साली अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन यांनी तर आश्चर्य मोजायचं गणितच दिलं. गोष्ट जितकी अनपेक्षित, तितकी तिच्यातून मिळणारी माहिती जास्त. जुलैत सिल्वासात पाऊस पडला, ही काही बातमी नव्हे. जानेवारीत धो धो पडला तर आहे. नाणेफेकीचा निकाल कळला तर एक 'बिट' माहिती. १०२४ चिठ्ठ्यांतून नेमकी कुठली निघाली हे कळलं तर दहा.

मेंदूचंही असंच. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. फळांचा रस अचानक मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळत. इशाऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे मिळाला तर रसाच्या वेळी शांत राहत. आणि ठरलेला रस चुकला तर आणखी मंदावत.

इशारे होते, तरीही

आता सिल्वासाकडे वळू. २२ जुलै १९५४ ला दादरा पडलं, २८ जुलैला नरोली. दमणहून येणारी वाट भारत सरकारने बंद केली होती. म्हणजे इशारे भरपूर होते. २ ऑगस्टला स्वयंसेवक सिल्वासात शिरले, तेव्हा तिथला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे पोलिसांसह खानवेलकडे निघून गेला होता. लढाईच्या तयारीने आलेल्यांना ठाणं जवळजवळ रिकामंच मिळालं! ११ ऑगस्टला उदवा इथे फिदाल्गो शरण आला. म्हणजे दादरा गेलं तेव्हा पोर्तुगीज चकित झाले असतील, तर सिल्वासात चकित व्हायची पाळी आपल्या लोकांची होती.

पुढचं कौतुक वेगळंच. हा मुलूख लगेच भारतात आला नाही; सात वर्षं इथला कारभार लोकांच्या वरिष्ठ पंचायतीने पाहिला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेलं. १९६० मध्ये निकाल लागला. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला के. जी. बदलानी हे सनदी अधिकारी एका दिवसासाठी इथले 'पंतप्रधान' झाले.

अशा घटनांवर रॉबर्टा वोलस्टेटर यांनी १९६२ साली पर्ल हार्बरचा दाखला घेऊन महत्त्वाचा मुद्दा मांडला. हल्ल्याची चिन्हं नव्हती असं नाही. ती इतर शेकडो बातम्यांच्या गोंगाटात हरवली होती. १९७५ मध्ये बारूक फिशहॉफ यांनी याची दुसरी बाजू दाखवली. निकाल कळला, की माणसाला वाटू लागतं, 'हे तर होणारच होतं.' आपल्या घरातही हेच चालतं ना? पोरगं नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं, की प्रत्येक काका म्हणतो, "मला आधीच वाटलं होतं." हे वाक्य आलं, की आश्चर्य संपतं आणि त्यासोबत शिकणंही.

अकरा महिन्यांची तान्ही

शिकणं संपतं असं का म्हणते? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. अकरा महिन्यांच्या बाळांना चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दाखवला, तर काहींना खेळण्यातली गाडी आधाराशिवाय हवेत तरंगताना दाखवली. नंतर खेळणी हातात दिली. चेंडूवाल्या बाळांनी तो आपटून पाहिला, गाडीवाल्यांनी ती खाली टाकून पाहिली! आणि त्या खेळण्याबद्दल नवीन गोष्टही ती चटकन शिकली. नुसतं चकित होऊन ती थांबली नाहीत. नेमकं जे खटकलं, तेच तपासलं.

म्हणून माझं एक सांगणं आहे. मुलांना उत्तर देण्याआधी त्यांचा अंदाज विचारा. बर्फ पाण्यात बुडेल की तरंगेल? कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं? अंदाज चुकला की त्यांचे डोळे मोठे होतील, आणि ती गोष्ट मनात पक्की बसेल. आपल्या आज्ज्यांना हे ठाऊक होतंच. मराठी आजी कोडं घालायची, कन्नड अज्जी 'ओगटु'. दोघीही उत्तर सांगायची घाई कधी करत नसत.