विग्नरच्या मित्राने काय पाहिले?

श्रोडिंजरचे मांजर सर्वांच्या ओळखीचे, विग्नरच्या मित्राचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. पुंजभौतिकीतला खरा पेच मला मांजरापेक्षा या मित्रापाशी दिसतो, कारण मांजराला काही विचारता येत नाही, मित्राला येते.

प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६१ साली हा काल्पनिक प्रयोग मांडला. बंद प्रयोगशाळेत मित्र एका अणूकडे लक्ष ठेवून आहे. प्रकाशाची चमक दिसेल किंवा दिसणार नाही. समजा दिसली, त्याने वहीत टिपली. त्याच्यापुरता निकाल लागला. बाहेर उभ्या विग्नरनी मात्र श्रोडिंजरचे समीकरण शेवटपर्यंत लावायचे ठरवले, तर अणू, उपकरण, वही आणि मित्र या सगळ्यांची मिळून एकच संमिश्र अवस्था उरते. तिच्यात चमक पाहिलेला मित्र आहे आणि न पाहिलेलाही. दार उघडून विचारले, की मित्र म्हणणार, ‘मला केव्हाच दिसली होती.’ मग तोवर घटना घडली होती की नव्हती?

जाणिवेपाशी संमिश्र अवस्था संपते, असे विग्नरना तेव्हा वाटले. पुढे त्यांनीच हे मत सोडले. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्येच दोन्ही निकाल खरे मानले होते, विश्वाच्या वेगवेगळ्या शाखांत. कार्लो रोव्हेली यांच्या १९९६ च्या मांडणीत घटना कुणाच्या तरी संदर्भातच घडते. मला हे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते, पण त्याची किंमत जबर आहे: सर्वांसाठी एकच असे वास्तव हातून निसटते.

ही निव्वळ तत्त्वचर्चा उरलेली नाही. २०२० साली ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह एक प्रमेय मांडले. त्यातली तीन गृहीतके अशी. निरीक्षकाने पाहिलेली घटना सर्वांसाठी घडलेलीच असते. काय मोजायचे ते आपण मोकळेपणी ठरवतो. आणि त्या निवडीचा परिणाम दूरवर तत्क्षणी पोहोचत नाही. निरीक्षकावरही पुंजभौतिकीचे नियम चालत असतील, तर ही तिन्ही गृहीतके एकत्र टिकत नाहीत. सोबतच्या प्रयोगात ‘मित्र’ म्हणजे फोटॉनचा मार्ग होता. पण फोटॉनला ‘मी पाहिले’ असे म्हणता येत नाही, त्यामुळे कोणते गृहीतक सोडायचे याचा निवाडा या प्रयोगाने होत नाही. पुंजसंगणकावर चालणारी, विचार करू शकणारी कृत्रिम बुद्धिमत्ता भविष्यात मित्राच्या जागी बसवावी, असे या संशोधकांनी सुचवले आहे.