मेलेली बकरी ओढ्यात नको

गेल्या पावसाळ्यात गोठ्याची भिंत कोसळून आमची एक बकरी दगावली. जबह होण्याआधीच जीव गेलेला, म्हणजे मुर्दार. खाण्याचा प्रश्नच नव्हता. ‘ओढ्यात टाकून द्या,’ शेजारी म्हणाले. अम्मी म्हणाली, ‘त्याच ओढ्याचं पाणी खालच्या वस्तीतल्या विहिरींत झिरपतं.’ मग आम्ही बकरीचं खत करायचं ठरवलं.

पूर्वी गावाबाहेर टाकलेलं जनावर गिधाडं लगेच फस्त करत. पण डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेली मेलेली गुरं खाऊन १९९०च्या दशकात गिधाडंच मेली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, तरी गिधाडं पूर्वीइतकी झालेली नाहीत. आता उघड्यावर टाकलेलं जनावर कुत्र्यांच्या तोंडी जातं. पुरलेलं जनावर हवेविना सडतं. पाण्याची पातळी वर असेल तर त्याचा रस विहिरीत उतरतो.

आम्ही उंचवट्यावरची, विहिरीपासून दोनशे फूट लांबची जागा निवडली. खाली लाकडाचा भुसा आणि पाचटाचा दोन फूट थर दिला, मधोमध बकरी ठेवली आणि वर तेवढाच थर, शेणखत मिसळून. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पाणी टपकू नये. भोवती काट्यांचं कुंपण केलं. भुसा रस शोषतो, वास अडवतो. असा ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो; ५५च्या वर तीन दिवस राहिला की बहुतेक रोगजंतू मरतात.

मात्र जनावर अचानक मेलं आणि नाकातून, गुदातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. तिचे जंतू ढिगाच्या उष्णतेला दाद देत नाहीत, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अशा जनावराला हात लावू नये, कातडं काढू नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. पिसाळून मेलेल्या जनावराबाबतही हेच करावं.

सहा महिन्यांनी ढीग उकरला. काळी, भुसभुशीत माती आणि थोडी हाडं. हाडं पुढच्या ढिगासाठी ठेवली. ‘हे नापाक नाही का?’ दादींनी विचारलं. मौलाना म्हणाले, वस्तूचं स्वरूपच पालटून माती झाली की हनफी मतानुसार ती पाक. तरीही आम्ही ते खत भाजीला घातलं नाही, आंब्याला घातलं.

मुर्दार खाणं हराम आहे. पण त्याची घाण दुसऱ्याच्या पाण्यात सोडायला कुणी परवानगी दिली?