सहाव्या वर्षी सहावा दात

सातपुड्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल, नाच आणि दूरदूरच्या पाड्यांवरून आलेली माणसं. आईच्या कडेवरच्या पोराच्या हातात डाळ्या-गुळाचा पुडा असतो. ते पोर डाळ्या कुडुमकुडुम चावतं, ते दाढांच्या जोरावर. पण मैत्रिणींनो, या दाढा घडतात कधी? तर बऱ्याचशा ते पोर आपल्या पोटात असताना!

दाढ म्हणजे तोंडातलं जातंच. जात्याला टाकीचे घाव घालून खडबडीत करतात, तेव्हा दाणा दळला जातो. दाढेवरचे उंचवटे तेच काम करतात. मात्र हे उंचवटे कोणी कोरत नाही. हिरडीच्या आत आधी मऊ पेशींची कळी धरते. मग ती टोपीसारखी आणि पुढे घंटेसारखी होते. तिच्यात काही ठिकाणी पेशींच्या बारीक गाठी असतात. गाठीपाशी वाढ थांबते, आजूबाजूला चालू राहते, म्हणून पडद्याला घड्या पडतात. प्रत्येक घडीचं टोक म्हणजे एक उंचवटा. कठीण थरही आधी टोकांवर चढतो आणि मग खाली उतरतो. म्हणजे दाढेचं बांधकाम कळसापासून सुरू होतं, पाया म्हणजे मुळं सगळ्यात शेवटी!

बाळाला दुधाच्या दाढा आठ. त्यांच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. गंमत म्हणजे ती कुठलाही दात न पाडता गुपचूप येते. त्यामुळे आईला वाटतं, ‘दुधाचीच आहे, किडली तर पडेल, नवी येईल.’ इथेच घात होतो. ती पुन्हा येत नाही. तिला ओळखायचं सोपं आहे. समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजत जा. सहाव्या वर्षी येणारा सहावा दात, तोच हा. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते आणि अक्कलदाढ सतरा-अठरानंतर. कुणाकुणाला ती येतच नाही.

या सहाव्या दाताची कळी गरोदरपणातच धरते. जन्माच्या वेळी तो कठीण व्हायला लागतो आणि अडीच-तीन वर्षांत त्याचा माथा पुरा होतो. या काळात बाळाची फार आबाळ झाली, मोठं आजारपण आलं, तर दाढेवरचा पांढरा थर कच्चा राहू शकतो. त्यावर खड्डे, रेघा दिसतात. जातं पुन्हा टाकवता येतं, पण हा थर घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताच संपतात. पुन्हा थर चढत नाही.

या खुणा किती टिकतात पाहा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. अभ्यासकांनी त्यांची वयं दातांवरून ठरवली. काहींच्या दातांवर लहानपणीच्या हालअपेष्टांच्या खुणाही सापडल्या. त्या आयांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण लेकरांच्या पोटाची कहाणी दातांनी जपून ठेवली.

म्हणूनच नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे कुपोषणाचं दुखणं जुनं आहे, तिथे गरोदर बाईचं ताट हा लेकराच्या दाढेचाही प्रश्न आहे. आदिवासी भागात २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण देण्याची सोय केली. घरची कामं आधी आणि आपलं जेवण शेवटी, ही सवय निदान या दिवसांत तरी मोडायला हवी.

पुढचं काम सोपं आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. सहा वर्षांच्या लेकराला उजेडात बसवून मागची दाढ बघा. तिच्या खाचांत अन्न अडकतं, म्हणून निजण्यापूर्वी स्वतः घासून द्या. खाच काळी दिसली, तर दुखायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. खाचा खोल असतील, तर त्या वेळीच लेप लावून बुजवताही येतात.

साठाव्या वर्षी भाकरी कुणी चुरून द्यायची की स्वतः चावायची, हे सहाव्या वर्षीच ठरायला लागतं. आज संध्याकाळी लेकराला एकदा ‘आ’ करायला लावाल ना?