खोताच्या वाडीतलं इंद्याल

फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत गिरगावच्या खोताच्या वाडीला नाताळाचे वेध लागतात. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी इथे लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची घरं बांधली. पूर्वी ती पासष्टच्या आसपास होती; आज निम्मीही उरलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. नावात ‘ईस्ट’ असलं तरी ही माणसं अस्सल इथली. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली कोळी, भंडारी, कुणबी घरं, आणि घरातली बोली मराठीच. कामासाठी मुंबईत आलेल्या गोवेकर, मंगलोरी ख्रिश्चनांहून आपण वेगळे हे कळावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने, त्यांनी हे नाव घेतलं.

त्यांच्या सणाच्या ताटातलं इंद्याल मला सगळ्यांत प्रिय. समुद्रप्रवासात मांस टिकावं म्हणून पोर्तुगीज ते वाइन आणि लसणीत मुरवत. त्या पदार्थाच्या नावाचं गोव्यात विंदालू झालं, मुंबईच्या जिभेवर इंद्याल. हॉटेलात त्यात बटाटा घालतात तो ‘आलू’ ऐकून. मूळ शब्दातला ‘आल्यो’ म्हणजे लसूण! इथे वाइनची जागा व्हिनेगरने घेतली, आणि अमेरिकेतून पोर्तुगिजांनीच आणलेल्या मिरचीने तिखटाची.

इंद्याल मूळचं डुकराच्या मांसाचं, पण कोंबडीचंही सुरेख होतं. किलोभर हाडासकट कोंबडीला पंधरा काश्मिरी मिरच्या लागतात. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत त्या निवडून मिळतात. सुरकुतलेल्या, गडद लाल घ्याव्यात. बिया झटकून मिरच्या अर्धी वाटी उसाच्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवायच्या. मग बारा पाकळ्या लसूण, बोटभर आलं, चमचाभर जिरं, अर्धा चमचा मोहरी, हळद, दालचिनीचा तुकडा आणि चार लवंगा घालून त्याच व्हिनेगरमध्ये गंधासारखं वाटायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आंबटपणा शेवटी वरून ओतलेला निराळाच कळतो. तो मिरचीच्या सालीतच मुरायला हवा. अर्धं वाटण मीठ लावून कोंबडीला चोळून दोन तास ठेवायचं.

तीन कांदे तेलात तांबूस परतायचे, उरलेलं वाटण घालून आच मंद करायची. आधी व्हिनेगरची वाफ नाकात झोंबते, डोळ्यांत पाणी येतं. मग झोंबणं सरतं, वाटण कडेने आक्रसतं आणि लाल तेल सुटतं. त्याआधी कोंबडी घालायची घाई करू नये. नंतर झाकणावर पाणी ठेवून शिजवायचं, चिमूटभर साखर घालायची. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियमला आंबट लागलं की चव बिघडते.

या चवीची मावसबहीण मलेशियातल्या मलाक्कात आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथल्या क्रिस्तांग लोकांची, म्हणजे पोर्तुगीज-मलय वंशाच्या युरेशियन समाजाची, ‘करी देबाल’ नाताळातच होते. नाताळाचं उरलेलं भाजलेलं मांसही तिच्यात जातं. मिरची, मोहरी आणि व्हिनेगर आपल्यासारखंच. आल्याच्या कुळातलं गलंगल आणि तिथल्या तेलबिया त्यांच्या मातीतल्या.

दोन्हीकडे रस्सा दुसऱ्या दिवशीच खरा लागतो. म्हणून नाताळाचं इंद्याल चोवीस तारखेला सकाळीच शिजवून ठेवावं आणि पंचविसाला गरम फुग्यांबरोबर वाढावं. आंबवलेल्या पिठाचे ते तळलेले गोळे मधोमध फोडले की आतली जाळी लाल रस्सा पिऊन घेते.