तहान लागण्याआधी विहीर

डिसेंबर २०१५. चेन्नईत घराघरांत पाणी शिरलं होतं, रस्त्यांवरून होड्या फिरत होत्या. आणि २०१९च्या जूनमध्ये? त्याच शहराला पाणी देणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. रंगीबेरंगी हंडे घेऊन लोक टँकरची वाट पाहत होते.

जुलैमध्ये जोलारपेट्टईहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. २०१६मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली ‘जलदूत’ आठवते? तशीच. ५० वाघिणी, २५ लाख लिटर पाणी! आकडा मोठा वाटतो. पण चेन्नईची रोजची गरज होती ८० कोटी लिटरहून जास्त. म्हणजे एका फेरीत शहराची जेमतेम चार-पाच मिनिटांची गरज भागत होती.

संकट आल्यावर केलेली धावपळ अशी तोकडी पडते. दुष्काळाची खरी तयारी भरपूर पाऊस पडतो, त्याच वर्षी करायची असते.

चेन्नईने ती केलीच नव्हती असं नाही. २००३पासून तिथे प्रत्येक इमारतीत पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची सोय सक्तीची आहे. त्याचा फायदाही दिसला. पण पुढे अनेक ठिकाणी देखभाल राहिली, शोषखड्डे गाळाने भरले. तळी आणि पाणथळ जागांवर इमारती उभ्या राहिल्या. पाणी मुरणार कुठे? म्हणून पावसात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई. आता हे शहर समुद्राचं पाणी गोडं करतं आणि सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देतं.

सरकारी योजनांइतकीच घरातली सवयही महत्त्वाची. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये फेब्रुवारी २०१८पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा होती. म्हणजे साधारण तीन बादल्या! त्यातच अंघोळ, स्वयंपाक, धुणी-भांडी, सगळं. लोकांनी अंघोळीचं पाणी फ्लशला वापरलं, शहराचा वापर उतरला आणि नळ बंद करायची वेळ टळली.

आपण काय करू शकतो?

• पावसाळ्यापूर्वी सोसायटीची गच्ची, पन्हळी आणि शोषखड्डा साफ करून घ्या.
• गळका नळ आजच दुरुस्त करा.
• आरओमधून वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरा.
• एक दिवस घरात किती बादल्या लागतात, ते मुलांना मोजायला सांगा.

तीनपेक्षा किती जास्त भरल्या, हे पाहून मोठ्यांचेही डोळे उघडतील.