जुन्या पुस्तकाचेही दात बघावेत

पुण्याचा अप्पा बळवंत चौक म्हणजे पुस्तकांची पेठच. नव्या पुस्तकांबरोबर तेथे जुन्या पुस्तकांचाही व्यवहार चालतो. शाळा-कॉलेजे सुरू व्हायच्या सुमारास मुले मागल्या इयत्तेची पुस्तके विकतात आणि पुढची कमी किमतीत घेतात. कामानिमित्त शहरात गेलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनी अशा एखाद्या दुकानात घटकाभर जरूर डोकवावे.

तेथला माल आठवडी बाजारासारखा सरमिसळ असतो. गणिताच्या गाईडाखाली संतचरित्र, त्याखाली दिवाळी अंक आणि तळाशी एखादे शेतीचे पुस्तक. बैल घेताना आपण दात बघतो, तसे पुस्तक घेताना आधी त्याचे वय बघावे. शीर्षकाच्या पानामागे आवृत्तीचे साल छापलेले असते.

पाठ्यपुस्तक घ्यायचे तर अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे शाळेत विचारून जावे. नाहीतर स्वस्तात घेतलेले पुस्तक रद्दीतच जायचे. गोष्टी, चरित्रे, शब्दकोश यांना मात्र वयाची अडचण नाही. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ पहिल्यांदा १९७० साली निघाले, पण त्यातल्या कृती आजच्या चुलीवरही तशाच जमतात.

खरी पारख लागते ती शेतीच्या पुस्तकांना. बांधबंदिस्ती, शेणखत कुजवणे, बियाणे निवडणे, जनावरांची निगा हे जुन्या पुस्तकांत फार सविस्तर दिलेले असते आणि ते आजही कामाचे आहे. औषधांचे प्रकरण मात्र तसे नाही. साठ-सत्तर सालच्या पुस्तकांत डीडीटी आणि बीएचसी भुकटीची शिफारस सर्रास आढळते. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. पुढे एंडोसल्फानही २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. ही विषे माती-पाण्यात टिकून राहतात आणि अन्नावाटे आपल्या पोटात येतात. छापील अक्षर म्हणून त्यावर विसंबू नये. फवारणीआधी कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

पुस्तक घेताना पाने मोजून, शिवण ओढून बघावी. कसर किंवा वाळवीची भोके असतील तर ते घरच्या पुस्तकांत लगेच मिसळू नये. चार दिवस हवेशीर सावलीत वेगळे ठेवावे, पाने झटकावीत. आणि बंद झालेल्या औषधाच्या पानावर पेन्सिलीने मोठी फुली मारून ठेवावी. घरातले पोर उद्या तेच पुस्तक उघडणार आहे.